वेंब्लीचे जुने स्टेडियम: पाडण्यासाठीच बांधले आणि ऐंशी वर्षे टिकले

लंडनच्या वायव्य भागात ट्यूब रेल्वेच्या ज्युबिली लाइनवर डॉलिस हिल, नीस्डन आणि वेंब्ली पार्क ही तीन स्थानके एकामागोमाग येतात. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू असल्यामुळे इथल्या मराठी माणसांना पहिले स्थानक तोंडपाठ असते. तिसऱ्या स्थानकावर उतरले की समोर जी प्रचंड पोलादी कमान दिसते ती नव्या स्टेडियमची. त्याच जागी १९२३ पासून २००३ पर्यंत जे जुने स्टेडियम उभे होते, त्याचा बाहेरून पाहणाऱ्याला आज मागमूस लागत नाही. इंग्लंडचे राष्ट्रीय स्टेडियम म्हणून जग त्याला ओळखत होते. मात्र त्याचा इतिहास वाचत गेलो तसतशी एक गोष्ट मला ठळकपणे जाणवत गेली: ते राष्ट्रीय स्टेडियम म्हणून कुणी बांधले नव्हते, ते कायम राहील असेही कुणाला वाटले नव्हते, आणि ते जगले ते फुटबॉलच्या जोरावर तर नाहीच. या धाग्यात तेवढेच सविस्तर मांडावे असे मनात आहे.

त्या जागेची कथा स्टेडियमच्याही आधी सुरू होते. मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन यांनी पॅरिसच्या आयफेल टॉवरहून उंच मनोरा वेंब्ली पार्कमध्ये उभारायचे ठरवले. लोक मनोरा पाहायला येतील आणि येण्यासाठी त्यांच्याच रेल्वेचे तिकीट काढतील, असा साधा व्यापारी हिशोब होता. पहिला टप्पा, म्हणजे सुमारे ४७ मीटरपर्यंतचे काम, कसेबसे पूर्ण झाले. पुढे पैसा संपला, पाया खचू लागला आणि १९०७ मध्ये उरलेला सांगाडा सुरुंग लावून पाडण्यात आला. ज्या टेकाडावर हा अर्धवट मनोरा होता, नेमके तिथेच ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी स्टेडियम बांधायला घेतले गेले. त्यामुळे त्याचे पहिले नाव ‘एम्पायर स्टेडियम’. वास्तुरचना जॉन सिम्पसन आणि मॅक्सवेल एर्टन यांची, अभियंते ओवेन विल्यम्स, कंत्राटदार सर रॉबर्ट मॅकअल्पाइन, खर्च साडेसात लाख पौंड आणि बांधकामाचा काळ अवघे ३०० दिवस. त्या काळी नवलाईचे असलेले सळईयुक्त काँक्रीट इथे सढळ हाताने वापरले गेले. दर्शनी बाजूचे १२६ फूट उंचीचे दोन घुमटदार मनोरेही काँक्रीटचेच होते. प्रदर्शनातला हिंदुस्थानचा मंडप ताजमहाल आणि दिल्लीच्या जामा मशिदीच्या धर्तीवर उभारला होता, ही नोंद आपल्याला वाचायला चमत्कारिक वाटते. २३ एप्रिल १९२४ रोजी राजे पाचवे जॉर्ज यांनी स्टेडियममध्ये प्रदर्शनाचे उद्घाटन केले. ते भाषण रेडिओवरून ऐकवले गेले आणि ब्रिटिश राजाचा आवाज लोकांनी घरबसल्या ऐकण्याची ती पहिली वेळ ठरली.

प्रदर्शन संपले की स्टेडियमही काढून टाकायचे, असाच मूळ बेत होता. जत्रा आटोपल्यावर मांडव सोडतात, तसा. परंतु प्रदर्शन सुरू होण्याआधीच तिथे एक सामना झाला आणि त्या सामन्याने या वास्तूला नाव मिळवून दिले.

तो दिवस २८ एप्रिल १९२३ चा. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या (एफए) एफए कप स्पर्धेचा अंतिम सामना, बोल्टन वॉंडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. काम चारच दिवस आधी संपले होते आणि जागा इतकी मोठी आहे की तिकीट आधी काढण्याची गरजच नाही, असा आयोजकांचा समज होता. अधिकृत आकडा १ लाख २६ हजार ४७ इतका नोंदला गेला. प्रत्यक्षात दोन लाखांहून अधिक माणसे आत शिरली असावीत असा सर्वसाधारण अंदाज आहे. दरवाजे बंद केल्यावर लोक कुंपणावरून चढून आले, मागचा लोंढा पुढच्यांना ढकलत राहिला आणि पाहता पाहता संपूर्ण हिरवळ माणसांनी भरून गेली. त्या वेळची चित्रफीत आजही पाहायला मिळते. काळ्या कोटांचा आणि टोप्यांचा एक समुद्र आहे आणि त्यात एकच पांढरा ठिपका हळूहळू गोल फिरतो आहे. जिथे तो ठिपका जातो तिथे थोडी हिरवळ मोकळी होते, तो वळला की पुन्हा मिटू पाहते, मग तो परत येतो. तो ठिपका म्हणजे शिपाई जॉर्ज स्कोरी यांचा घोडा बिली. घोडा खरे तर करड्या रंगाचा होता, पण कृष्णधवल चित्रफितीत तो पांढराशुभ्र दिसला आणि सामन्याला ‘पांढऱ्या घोड्याचा अंतिम सामना’ हेच नाव पडले. घोडेस्वार पोलीस आणखीही होते, हे मात्र सांगायला हवे.

पाऊण तास उशिरा खेळ सुरू झाला तेव्हा प्रेक्षक अक्षरशः सीमारेषेला पाय लावून उभे होते. दोनच मिनिटांत डेव्हिड जॅकने वेंब्लीवरचा पहिला गोल केला. त्या क्षणी वेस्ट हॅमचा एक खेळाडू चेंडू आत फेकून गर्दीतून बाहेर पडण्याची धडपड करीत होता. मध्यंतरात खेळाडूंना कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत जाता आले नाही, म्हणून ते मैदानातच थांबले. बोल्टनने २-० असा विजय मिळवला. एवढ्या चेंगराचेंगरीत एकही जीव गेला नाही, हे त्या दिवसाचे भाग्य म्हणावे लागेल. पुढच्या वर्षापासून अंतिम सामन्याची सगळी तिकिटे आधीच विकण्याचा नियम आला.

यानंतरची काही वर्षे फारशी कुणी सांगत नाही आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटतात. प्रदर्शन तोट्यात गेले, स्टेडियमची मालक कंपनी दिवाळखोरीपर्यंत पोहोचली. आर्थर एल्विन नावाचा एक तरुण प्रदर्शनात तंबाखूच्या टपरीवर नोकरीला होता. प्रदर्शन संपल्यावर त्याने ओस पडलेले मंडप एकेक करून विकत घेतले, ते पाडले आणि निघालेला माल विकून भांडवल उभे केले. शेवटी १९२७ मध्ये त्याने १ लाख २७ हजार पौंडांत स्टेडियमचाच सौदा केला. म्हणजे आजूबाजूचे सारे पाडून मिळालेल्या पैशातून ही एक वास्तू वाचली. फुटबॉलचा तिथला वर्षभरातला वाटा तेव्हा फारच तुटपुंजा होता. १९५१ मध्ये अर्जेंटिना येईपर्यंत वेंब्लीवर इंग्लंडविरुद्ध अधिकृत सामन्यात स्कॉटलंडखेरीज दुसरा कोणताही देश खेळला नव्हता. रोजची चूल पेटवली ती ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींनी. डिसेंबर १९२७ मध्ये त्या सुरू झाल्या आणि १९९८ पर्यंत चालल्या. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जी रुंद धावपट्टी होती, ती याच कुत्र्यांसाठी आणि पुढे स्पीडवेच्या मोटरसायकलींसाठी राखलेली होती.

शर्यतींचे वजन किती होते, हे १९६६ च्या विश्वचषकात जगाने पाहिले. उरुग्वे आणि फ्रान्स यांचा सामना शुक्रवारी होता. शुक्रवारची शर्यत रद्द करायला स्टेडियमच्या मालकांनी नकार दिला आणि विश्वचषकाचा तो सामना लंडनमधल्याच व्हाइट सिटीच्या मैदानावर हलवावा लागला. ज्या स्टेडियमला आपण ‘राष्ट्रीय’ म्हणतो ते आयुष्याचा बहुतेक काळ खासगी मालकीचे होते आणि फुटबॉल संघटना तिथे भाडेकरू होती, हे या एका प्रसंगातून लख्ख कळते.

जाणकारांनी भर घालावी.

प्रतिसाद १

लेख आवडला. आपण हा विषय फुटबॉलपुरता ठेवला आहे, तरीही भारतीयांनी वेंब्लीचे नाव घ्यायचे तर आधी १२ ऑगस्ट १९४८ चे घ्यावे असे मला वाटते. लंडन ऑलिंपिकचे मुख्य स्टेडियम हेच होते. हॉकीचा अंतिम सामना इथे झाला आणि स्वतंत्र भारताने ब्रिटनला ४-० असे हरवले. बलबीर सिंग यांचे दोन गोल होते आणि कर्णधार होते किशन लाल. स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. याआधीच्या १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये भारताने सुवर्णपदक जिंकले, पण ब्रिटनचा हॉकी संघ त्या वेळी स्पर्धेत उतरलाच नव्हता. म्हणून ही गाठ पहिलीच होती, आणि ती पडली कुठे, तर ‘एम्पायर स्टेडियम’मध्ये. त्या नावाच्या वास्तूत तिरंगा वर चढला, याहून अधिक काही बोलायची गरजच नाही.

त्या संघात गोलरक्षक लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ असे गोमंतकीय वंशाचे खेळाडू होते. आपल्याकडच्या बोलण्यात त्यांची नावे फारशी येत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो आहे. फुटबॉलचा भारतीय संघ मात्र त्या ऑलिंपिकमध्ये वेंब्लीवर खेळला नाही. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले तो फ्रान्सविरुद्धचा सामना इलफर्डला झाला आणि आपण १-२ असे हरलो. या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र केल्या जातात. तसेच खाशाबा जाधव त्याच ऑलिंपिकमध्ये होते, पण कुस्त्या अर्ल्स कोर्टला झाल्या, वेंब्लीला नाहीत.

प्रतिसाद २

हंगेरीचा उल्लेख राहिला आहे, तो जोडतो. २५ नोव्हेंबर १९५३ पर्यंत युरोपच्या मुख्य भूमीवरील एकाही देशाने इंग्लंडला वेंब्लीवर हरवले नव्हते. त्या दिवशी हंगेरी ६-३ असे जिंकले. हिडेगकुटी यांचे तीन गोल झाले, परंतु लोकांच्या ध्यानात राहिला तो पुश्काशचा गोल. उजव्या बाजूला गोलच्या जवळ त्यांच्या पायाशी चेंडू आहे, इंग्लंडचा कर्णधार बिली राइट झेप घेऊन चेंडू काढून घ्यायला येतो, आणि पुश्काश चेंडूवर तळवा ठेवून तो अलगद मागे ओढतात. राइट रिकाम्या जागेवरून घसरत पुढे निघून जातो आणि त्याच पायाने चेंडू जाळ्यात जातो. सगळे मिळून दोन सेकंदांचे काम. आपल्याला फुटबॉल येतो आणि बाकीचे शिकत आहेत, ही इंग्लंडची समजूत त्या दोन सेकंदांत गेली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला परतीचा सामना झाला आणि हंगेरीने ७-१ असा विजय मिळवला. तो सामना झाला ते ‘नेपश्टाडिओन’ देखील आता पाडलेले आहे. त्या जागी २०१९ मध्ये पुश्काश यांच्याच नावाचे नवे मैदान उघडले. म्हणजे त्या दोन्ही ऐतिहासिक सामन्यांची मैदाने आज अस्तित्वात नाहीत.

प्रतिसाद ३

मी स्थापत्य अभियंता आहे आणि माझे मत धाग्याच्या सुराहून थोडे वेगळे आहे. जुने वेंब्ली पाडणे गरजेचेच होते. १९६३ मध्ये त्याला चारही बाजूंनी छप्पर घातले ते खांबांवर तोलून, आणि ते खांब प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर येत. धावपट्टीमुळे पहिली रांगच मैदानापासून लांब पडे आणि पायऱ्यांचा चढ फार कमी असल्यामुळे पुढच्या माणसाच्या डोक्याआडून पाहावे लागे. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांत सर्वांना बसायला आसन असलेच पाहिजे असे ठरवले. उभ्याने लाख माणूस मावणाऱ्या जागेत आसने बसवल्यावर क्षमता ऐंशी हजारांच्या आसपास आली. ही डागडुजीने भागणारी गोष्ट नव्हती. नव्या स्टेडियममध्ये ९० हजार आसने आहेत आणि एकही खांब दृष्टीच्या आड येत नाही, कारण छपराचा बराचसा भार ३१५ मीटर पल्ल्याच्या आणि १३३ मीटर उंचीच्या त्या कमानीने पेललेला आहे. स्वच्छतागृहांतील शौचकूपांची संख्या २,६१८ आहे. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण लेकराबाळांना घेऊन सामन्याला जाणाऱ्या माणसाला विचारा.

धागाकर्ता

आपले तांत्रिक म्हणणे मला मान्य आहे आणि आसनव्यवस्था टिकवावी असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप मनोऱ्यांपुरता आहे. ते संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत होते. सुरुवातीला ते जपण्याच्या आणि पुढे सरकवण्याच्याही कल्पना मांडल्या गेल्या, आणि शेवटी तेही पाडायला परवानगी मिळाली. या साऱ्या उपक्रमात राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतील १२ कोटी पौंड होते. लोकांचा पैसा ज्या वास्तूत जातो, तिच्या दर्शनी भागाबद्दल लोकांच्या भावनेला काही किंमत असावी, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ३ लिहिणारा

भावना समजते, पण मनोरे हलवणे म्हणजे दगडी देवळाचे चिरे क्रमांक घालून उतरवणे नव्हे. ते काँक्रीट एकसंध ओतलेले होते. त्याचे तुकडे करून परत जोडले असते तर ती नक्कल झाली असती, मूळ मनोरा उरला नसता. आणि आहे तिथेच ठेवायचे तर नवे प्रेक्षागृह मागे न्यावे लागले असते, त्यासाठी तिथे जागा नव्हती. जेव्हा मैदानाची पातळी खाली घेण्यासाठी खोदकाम झाले तेव्हा वॉटकिनच्या मनोऱ्याचा काँक्रीटचा पाया सापडला. त्या जमिनीने एक मनोरा आधीच सोसला होता आणि त्याचाही पाया तिने जपून ठेवला होता, हे मला स्वतःला फार भावले.

प्रतिसाद ४

१९६६ च्या अंतिम सामन्याबद्दल चार ओळी. ३० जुलै, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी, प्रेक्षक ९६,९२४. जादा वेळेत जेफ हर्स्टचा फटका आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला लागून जमिनीवर आपटला आणि बाहेर आला. चेंडू रेषेच्या पलीकडे पडला की नाही, हा वाद आजतागायत मिटलेला नाही. स्विस पंच गॉटफ्रिड डीन्स्ट यांनी लाइन्समन, म्हणजे सीमारेषेवरचे सहायक पंच, तोफिक बहरामोव यांना विचारले आणि त्यांनी गोल असल्याची खूण केली. इंग्रजी वर्तमानपत्रे त्यांना वर्षानुवर्षे ‘रशियन लाइन्समन’ म्हणत राहिली. ते मुळात अझरबैजानचे. बाकू शहरातील स्टेडियमला आज त्यांचेच नाव आहे. लाइन्समनच्या नावाचे इतके मोठे स्टेडियम दुसरे माझ्या पाहण्यात नाही. तो आडवा दांडा जपून ठेवलेला असून नव्या वेंब्लीमध्ये पाहायला मिळतो.

आणखी एक. ज्या ३९ पायऱ्या चढून विजेता कर्णधार राजघराण्याच्या कक्षात चषक घ्यायला जाई, त्या चढण्याचे स्वप्न इंग्लंडमधले प्रत्येक मूल पाही. १९६६ मध्ये इंग्लंडचे कर्णधार बॉबी मूर यांनी राणीशी हस्तांदोलन करण्याआधी चिखलाचे हात कठड्यावरच्या मखमली कापडाला पुसले, ते त्याच पायऱ्यांच्या टोकाशी. नव्या स्टेडियममध्ये १०७ पायऱ्या आहेत.

प्रतिसाद ५

शेवटचा सामना मी दूरचित्रवाणीवर पाहिला होता. ७ ऑक्टोबर २०००, पावसाळी दुपार, समोर पुन्हा जर्मनीच. चौदाव्या मिनिटाला जर्मनीच्या डीटमार हामानने लांबून मारलेली फ्री किक ओल्या हिरवळीवर टप्पा पडून इंग्लंडचा गोलरक्षक डेव्हिड सीमनच्या हाताखालून आत गेली आणि तोच जुन्या वेंब्लीवरचा अखेरचा गोल ठरला. सामना संपल्यावर इंग्लंडचे प्रशिक्षक केविन कीगन यांनी तिथेच राजीनामा दिला. पहिला गोल डेव्हिड जॅकचा आणि शेवटचा हामानचा. पहिल्याच्या वेळी मैदानात माणसे मावत नव्हती आणि शेवटच्या वेळी लोक भिजत, गुपचूप घरी गेले.

त्यानंतर दोन वर्षे ते नुसतेच उभे होते. पैशाची जुळवाजुळव लांबत गेली, एफए कपचे अंतिम सामने वेल्समधील कार्डिफला होऊ लागले, आणि पाडण्याचे काम २००२ च्या सप्टेंबरअखेरीस सुरू झाले. मनोरे पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे २००३ च्या सुरुवातीला पडले. मी त्या काळात रोज गाडीने वेंब्ली पार्कवरून जात असे. बरेच दिवस दोन्ही मनोरे होते आणि त्यांच्या मागे काहीच नव्हते. नाटक संपल्यावर मागचा पडदा काढून घ्यावा आणि दर्शनी कमान तेवढी राहावी, तसे ते चित्र होते. डब्यातली माणसे वर्तमानपत्र खाली ठेवून त्या बाजूला पाहत. एके संध्याकाळी पाहिले तर मनोरे नव्हते. नवे स्टेडियम वारंवार लांबणीवर पडत मार्च २००७ मध्ये उघडले.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. पाडल्यानंतर त्या वास्तूचे काय झाले, हे लिहायचे राहिले होते. एका मनोऱ्याच्या घुमटावर ध्वजस्तंभासाठी काँक्रीटचा जो मुकुट होता, तो नीस्डनच्या सेंट राफेल वसाहतीजवळच्या उद्यानात आणून ठेवला आहे. डॉलिस हिलच्या मंडळापासून तो फार लांब नाही. जमिनीवरून १२६ फुटांवर जो लहानसा ठिपका वाटत असे, तो शेजारी उभे राहिल्यावर माणसाहून मोठा निघतो. काँक्रीट खडबडीत आहे, हात फिरवला की बारीक खडी बोटांना लागते. मुले त्याच्याभोवती सायकली फिरवत होती.

राडारोड्याचा मोठा भाग नॉर्थॉल्टला गेला. तिथे ए-४० महामार्गालगत त्या ढिगाऱ्यापासून चार टेकड्या रचल्या, त्यांवर माती आणि गवत घातले, आणि २००८ मध्ये ‘नॉर्थाला फील्ड्स’ नावाने ते उद्यान लोकांना खुले झाले. शेफर्ड्स बुशच्या बांधकामातून निघालेला भरावही त्यात आहे. सर्वांत उंच टेकडीवर गोल फिरत जाणारी वाट आहे. मी गेल्या शरद ऋतूत चढलो तेव्हा वर वारा इतका होता की बोलता येत नव्हते, आणि हवा स्वच्छ असल्यामुळे ईशान्येकडे नव्या स्टेडियमची कमान दिसत होती. ज्या पायऱ्यांवर उभे राहून लोकांनी पुश्काशला पाहिले, त्यांचे काँक्रीट माझ्या पायांखाली कुठेतरी होते.

प्रतिसाद १ लिहिणारा

मुकुटाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हते. पुढच्या वेळी मंडळात कार्यक्रम असेल त्या दिवशी दुपारी लवकर निघून आधी नीस्डनला जाता येईल का? माझे वडील पंचाऐंशीचे आहेत आणि १९४८ चा हॉकी सामना त्यांनी लहानपणी रेडिओच्या बातम्यांत ऐकला होता. फार चालावे लागणार नसेल तर त्यांनाही आणावे म्हणतो.

धागाकर्ता

अवश्य आणा. उद्यानाच्या कडेपर्यंत मोटार जाते, तिथून सपाट वाट आहे. मी गाडी घेऊन मंडळाच्या दाराशी एक वाजता थांबेन.